त्यांचा सोमवार, आमचा मंगळवार

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी, डार्विनमध्ये लोक नाश्ता करत होते त्या वेळी, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाने आपल्या मुख्य कोचला काढून टाकलं. संघाचं निवेदन चार वाक्यांचं होतं. त्यात आभार होते, शुभेच्छा होत्या, कारण नव्हतं. तिथे तेव्हा सोमवारची संध्याकाळ होती आणि बर्फ पडत होता.

हा फुटबॉल म्हणजे डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर कवच घालून लांबट चेंडूने खेळतात तो. ऑस्ट्रेलियात त्याला ग्रिडआयर्न म्हणतात आणि फार थोडे लोक बघतात. हंगामातले साखळी सामने रविवारी संपतात. सोमवारी हरलेल्या संघांचे मालक कोचना काढायला सुरुवात करतात. हे दरवर्षी होतं, इतकं नेमाने की त्या दिवसाला तिकडे काळा सोमवार असं नावच पडलं आहे. त्याचा बराचसा भाग आमच्याकडे मंगळवारी उजाडतो. मी ज्या क्रीडा वेबसाइटसाठी बातम्या लिहिते तिचा एक डेस्क त्यासाठीच ऑस्ट्रेलियात आहे. अमेरिकेतली माणसं थकतात तेव्हा इथे कुणीतरी आंघोळ करून ताजं बसलेलं लागतं. डेस्कची बाकीची माणसं सिडनीत आहेत. मी डार्विनमधून काम करते, कारण नवऱ्याची नोकरी इथल्या हॉस्पिटलात आहे.

डार्विनचा जानेवारी असा असतो : कपाटातल्या चामडी बुटांवर हिरवट बुरशी येते. मिठाचा गोळा होतो. कागद हातात घेतला तर कापडासारखा लोंबतो. भिंतीवरची पाल चक्‌चक्‌ करते आणि दुपारी आभाळ एकदम खाली येतं. या सगळ्याच्या मधोमध माझ्या स्क्रीनवर बर्फ असतो. रिकाम्या स्टेडियमच्या बाहेर उभे असलेले वार्ताहर, त्यांच्या तोंडातून निघणारी वाफ, एका माणसाची वाट बघणारे पाचपन्नास कॅमेरे. मानेवरून घाम ओघळत असताना मी लिहिते की तापमान शून्याच्या खाली आहे. इतकी वर्षं झाली, तरी दर जानेवारीत पहिल्या दिवशी अंगावर काटा येतो. थंडीचा नसतो तो.

डेस्कवर एक फोल्डर आहे. त्याला आम्ही फ्रीजर म्हणतो. नेत्यांचे मृत्युलेख वर्तमानपत्रात आधीच लिहून ठेवतात, तशा आम्ही कोचच्या हकालपट्टीच्या बातम्या लिहून ठेवतो. नोव्हेंबर सरतासरता, इथे बिल्ड-अपचा, म्हणजे पावसाआधीचा, उकाडा माणसाला चिडचिडं करत असतो, तेव्हा हे काम होतं. कोचचं नाव, कारकीर्द, शेवटच्या हंगामाचा गोषवारा. जय-पराजयाच्या आकड्यांपुरती जागा मोकळी. पहिलं वाक्य भूतकाळात. तो माणूस त्या वेळी मैदानावर उभा राहून शिट्टी वाजवत असतो.

एखाद्याची बातमी फ्रीजरमधून वर कधी काढायची, याचाही एक रिवाज आहे. मालक पत्रकारांसमोर येऊन म्हणतो, ‘तोच आमचा कोच आहे, माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे.’ ज्याचं आसन स्थिर आहे त्याच्याबद्दल असं कुणी बोलत नाही. असं निवेदन आलं की आम्ही फाइल उघडतो आणि आकडे भरायला लागतो.

यंदाच्या कोचबद्दल ते निवेदन डिसेंबरात आलं. मी फाइल वर काढली. मजकुरात एक परिच्छेद होता, हा कोच तीन वर्षांपूर्वी या संघाकडे कसा आला त्याबद्दलचा. तो वाचताना मी थांबले. तो जानेवारी मला ठाऊक होता. त्या जानेवारीत ऑल्विन त्या संघाच्या इमारतीत होता.

ऑल्विन वसईचा. आम्ही दोघं विद्यार्थी म्हणून मेलबर्नला आलो आणि डँडेनॉन्गमध्ये एका घरात भाड्याने राहिलो. चार खोल्या, सहा माणसं, एक फ्रीज. तो पहाटे गोदामात माल उचलायचा आणि दुपारी युनिला जायचा, स्पोर्ट्स सायन्स शिकायला. शनिवारी फॉस्टर स्ट्रीटवर कोथिंबीर आणायला पाठवलं की पिशवीऐवजी काखेत फूटीचा चेंडू घेऊन जायचा. ऑस्ट्रेलियन फूटीत चेंडू हातातून सोडून, जमिनीला लागायच्या आत लाथ मारून लांब धाडतात. त्या सोडण्याचं ऑल्विनला वेड लागलं होतं. ‘लाथ कुणीपण मारतो,’ तो म्हणायचा. ‘सोडतो कसा ते बघ. हाताने सोडला तिथेच गेम संपला.’ स्वयंपाकघरात कांद्यावर प्रात्यक्षिक चालायचं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये अशाच लाथेला पंट म्हणतात, आणि त्यांना अलीकडे ऑस्ट्रेलियन पद्धतीचे पंट मारणारे खेळाडू हवे असतात. ऑल्विन आधी एका स्थानिक क्लबात व्हिडिओ बघून खेळाडूंच्या चुका काढायचा. मग पंट शिकवणाऱ्या अकादमीत गेला. तिथे त्याने तयार केलेला एक मुलगा अमेरिकेत याच संघात निवडला गेला आणि वर्षभराने त्या संघाने ऑल्विनलाही बोलावलं, लाथ मारणाऱ्या खेळाडूंचा सहायक कोच म्हणून. वसईच्या चर्चमध्ये त्याच्या आईने त्यासाठी मिस्सा सांगितला, असं मर्सी म्हणाली. मर्सी त्याची बायको. ती आणि मुलगी एल्सा मेलबर्नजवळ वेरिबीच्या घरी राहिल्या. एक हंगाम नीट पार पडला की दोघींनी जायचं, असं ठरलं होतं.

हंगाम नीट पार पडला नाही. संघ हरत गेला. तेव्हाचा मुख्य कोच वयस्कर होता, ऑल्विनला त्यानेच घेतलं होतं. कोच गेला की त्याने आणलेली वीसबावीस माणसंही जातात, हा त्या धंद्यातला नियम. नवा कोच आपली माणसं घेऊन येतो. डिसेंबरात मालक पत्रकारांसमोर आला आणि म्हणाला, तोच आमचा कोच आहे. नंतर कॉरिडॉरमध्ये त्याने कोचला मिठी मारली. ऑल्विनने ती मिठी डोळ्यांनी पाहिली. त्याने त्याच दिवशी मर्सीला फोन केला : तयारी कर.

मर्सी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. तिने मला फोन केला तेव्हा मागे सेलोटेप फाडल्याचे आवाज येत होते.

‘अगं, राजीनामा दिला मी. घर भाड्याने दिलं. फेब्रुवारीत भाडेकरू येणार.’

‘मर्सी, घाई करू नकोस,’ मी म्हणाले. ‘मालकाने पाठिंबा दिलाय.’

‘पाठिंबा दिलाय म्हणूनच तर सोडली ना नोकरी!’

मी तिला रिवाज समजावून सांगितला. फ्रीजरबद्दलही सांगितलं. ती हसायला लागली.

‘तुम्हा पेपरवाल्यांना ना, जिवंत माणूस दिसतच नाही. बसलेला दिसला की लगेच शवपेटीचं मोजमाप घेता. मिठी मारली गं त्याने! ऑल्विनने बघितली.’

पलीकडून एल्सा ओरडली, ‘मम, व्हेअर डू द बुक्स गो?’

‘बॉक्सवर अमेरिका लिही आणि टाक त्यात,’ मर्सी म्हणाली. मग मला : ‘बघ, वाईट बोलू नकोस आता. ऑलरेडी सगळं पॅक झालंय.’

वसईतला माणूस शब्द मोजून देतो आणि दिला की फिरवत नाही, असं ऑल्विन नेहमी म्हणायचा. त्याच्या मते मालक म्हणजे वाडीतला मोठा बावखलवाला, स्वतःचं तळं असलेला. चारचौघांत बोलला, म्हणजे झालं. अमेरिकेत जन्मलेला कुठलाही सहायक कोच त्या निवेदनानंतर घरी जाऊन दुसऱ्या संघांतल्या मित्रांना फोन लावायला बसला असता. त्याच्या शेजारच्या खोलीतला माणूस तेच करत होता. ऑल्विनला वाटलं, तो ख्रिसमसच्या शुभेच्छा देतोय.

कोचला त्या काळ्या सोमवारी काढलं. तयार मजकुरात मी दोन आकडे भरले आणि बातमी गेली.

त्या संघातल्या कोच मंडळींच्या बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. येणार म्हणून मर्सीला आधीच त्यात घेतलं होतं. चांगली शाळा कुठली, बर्फात कुठले बूट घालायचे, असलं सगळं त्यावर तिने महिनाभर वाचलं होतं. आता ती वेरिबीच्या स्वयंपाकघरात, खोक्यांच्या मधे उभी राहून बघत होती. एक नाव ग्रुपमधून गेलं. मग दुसरं. कुणी ‘लव्ह यू ऑल’ लिहून गेलं, कुणी न लिहिता. तिने त्यांपैकी एकीलाही पाहिलेलं नव्हतं. ‘ट्रेन रिकामी होते ना, तसं वाटतंय,’ ती मला म्हणाली. ‘आणि मी अजून चढलेच नाहीये.’

ऑल्विनला मात्र कुणी काढलं नाही. ठेवलंही नाही. करार चालू होता, आणि नवा मुख्य कोच येईपर्यंत त्याने कामावर यायचं, एवढंच कळवण्यात आलं. बाकीचे सहायक मुलाखतींसाठी गावोगाव गेले. ऑल्विनकडे जायला दुसरं गाव नव्हतं, व्हिसा त्याच संघाचा होता. त्यामुळे तो रोज गेला. तिकडे संध्याकाळ झाली की, म्हणजे आमच्या सकाळी, त्याचा फोन यायचा.

‘काय संपादक,’ तो म्हणायचा. ‘आज पण दार उघडलं.’

दारावर कार्ड टेकवायचं असतं. नोकरी गेली की ते चालत नाही. बऱ्याच जणांना आधी दाराकडूनच कळतं. ऑल्विन रोज सकाळी बर्फातून यायचा, कार्ड टेकवायचा, हिरवा दिवा लागायचा.

आत त्याने काय बघितलं ते तो तुकड्यातुकड्याने सांगायचा. दारांवरच्या नावांच्या पट्ट्या कुणीतरी काढल्या होत्या, डिंकाचे चौकोन राहिले होते. म्हाताऱ्या कोचच्या खोलीत दिवा चालू होता, कुणी आत आलं की आपोआप लागणारा, आणि आत कुणी नव्हतं. कॉफीचं मशीन भरायला अजून कुणीतरी येत होतं. ऑल्विन एका खोलीत बसून सगळ्या हंगामाचे पंट पुन्हा बघत होता. एकेका पंटवर टिपण काढत होता, नव्या कोचला दाखवायला. फोनवर त्याच्या आवाजाला प्रतिध्वनी होता. मी एकदा म्हणाले, कॉरिडॉरमध्ये उभा आहेस का? तो म्हणाला, ‘नाही गं. सगळीकडेच असा येतो आता.’

मी डार्विनमध्ये एसीखाली बसून ते ऐकायचे. बाहेर आंब्याच्या झाडाखाली सडक्या आंब्यांवर वटवाघळं भांडून गेलेली असायची, त्याचा वास दारापर्यंत यायचा. त्या जानेवारीतलं मला आठवतं ते हे : तो वास, आणि त्यातून येणारा एका रिकाम्या इमारतीचा आवाज.

नवा कोच ठरला. तोच, ज्याला या मंगळवारी काढलं. पत्रकार परिषदेत तो छान बोलला, कुटुंब या शब्दावर त्याचा भर होता. ऑल्विन मागच्या रांगेत उभा होता. टीव्हीवर दोन सेकंद दिसला, इस्त्रीच्या शर्टात. नंतर त्याला निरोप आला : अमुक दिवशी सकाळी मुलाखत. मर्सीने लॅबला फोन करून विचारलेलं होतं, जागा भरली गेली होती. भाडेकरू चावी न्यायला येणार होते. सगळं त्या मुलाखतीवर होतं : जायचं की राहायचं, एल्साची शाळा, घर. तिने मला विचारलं, ‘तुझ्याकडे काही येतं का गं आधी? काही कळलं तर सांगशील?’

मी म्हणाले, ‘दोन ठिकाणांहून पक्कं झाल्याशिवाय माझ्याकडे काही नसतं. आणि पक्कं झालं की ते सगळ्यांकडेच असतं.’

‘म्हणजे तू काय कामाची?’ मर्सी म्हणाली. रागाने नाही.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी, इथल्या सकाळी, डेस्कवर ओळ आली. त्या संघाने लाथ मारणाऱ्यांसाठी नवा सहायक कोच घेतला होता. नाव होतं. नव्या कोचच्या आधीच्या संघात तो त्याच्याबरोबरच होता. थोड्या वेळाने दुसऱ्या ठिकाणाहूनही तेच नाव आलं. सिडनीहून क्रेग, आमचा डेस्कप्रमुख, लाइनवर आला.

‘दोन आहेत?’

‘दोन आहेत.’

‘रन इट, मेट.’

बातमी तीन ओळींची होती. ती गेल्यावर मी ऑल्विनला फोन लावला. त्याने लगेच उचलला.

‘वाचली,’ तो म्हणाला. ‘तू लिहिलीस ना? कळलं मला. तुझ्या बातमीत अनफॉर्च्युनेटली कधी नसतं.’

मी विचारलं, उद्याची मुलाखत?

‘कॅन्सल नाही केली त्यांनी.’

‘मग?’

‘मग काय. जाणार. बोलावलंय ना.’

दुसऱ्या दिवशी त्याचं कार्ड चाललं नाही. लाल दिवा लागला. काचेपलीकडचा सुरक्षारक्षक त्याला नावाने ओळखत होता. त्याने दार उघडलं, सॉरी म्हणाला, आणि गळ्यात घालायला पाहुण्याचं कार्ड दिलं. ऑल्विन ते घालून, स्वतःच्या खोलीवरून, मुलाखतीला गेला. नव्या कोचने मन लावून ऐकलं. चांगले प्रश्न विचारले. त्या जागेसाठी कुणाकुणाशी बोललो हे लीगला दाखवावं लागतं, म्हणून शेजारी एक बाई टिपून घेत होत्या. ऑल्विनने टेबलावरचा चेंडू उचलून हातातून कसा सोडायचा ते दाखवलं. कोचने स्वतः करून पाहिलं, त्याला जमलं नाही, दोघं हसले. निघताना हात मिळवले. घेतलेल्या माणसाचा विषय कुणीच काढला नाही. ऑल्विननेही नाही.

‘का नाही काढलास?’ मी नंतर विचारलं.

तो म्हणाला, ‘त्याला वाईट वाटलं असतं गं.’

मेलबर्नला परतल्यावर ती तिघं टार्नीटला मर्सीच्या भावाकडे राहिली, कारण वेरिबीच्या घरात भाडेकरू होते. मी त्या वर्षी जाऊन आले. ऑल्विनने मला स्टेशनवरून घेतलं आणि वाट वाकडी करून स्वतःच्या घरावरून गाडी नेली, अगदी हळू. वळणावर आला की रोज असंच करतो, असं एल्सा मागच्या सीटवरून म्हणाली. ‘डॅड, दे कॅन सी अस.’ ओट्यावर परक्या माणसांचे टॉवेल वाळत होते. आत, आमच्यापैकी कुणी न लावलेला दिवा होता.

पुढे भाडेकरू गेले, घर परत मिळालं. मर्सीला दुसऱ्या लॅबमध्ये काम मिळालं. ऑल्विन अकादमीत शिकवायला लागला. अमेरिका लिहिलेली खोकी गॅरेजमध्ये आहेत. त्यांतली दोनच उघडली, मिक्सर आणि एल्साची पुस्तकं, कारण ती लागली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मर्सीच्या फोनवर अजून आहे. त्यात ती एकटी आहे. ‘डिलीट कर ना,’ मी म्हणाले होते. ती म्हणाली, ‘कुणाला सांगून जाऊ?’

यंदाच्या मंगळवारी बातमी गेल्यावर मी ऑल्विनला काही कळवलं नाही. त्याने वाचली असणार. दोन आठवड्यांनी संघाने पुन्हा एक नवा मुख्य कोच घेतला. मग एका सकाळी फोन वाजला.

‘काय संपादक.’ आवाजाला प्रतिध्वनी नव्हता, मागे फूटी खेळणारी पोरं ओरडत होती. ‘त्यांनी बोलावलंय.’

पंट मारणारा तो मुलगा, ऑल्विनने तयार केलेला, अजून त्याच संघात होता. त्याने नव्या कोचला नाव सांगितलं होतं. व्हिडिओवर एकदा बोलणं झालं, आता प्रत्यक्ष मुलाखत. तिकीट त्यांनी पाठवलं होतं. पाहुण्याच्या कार्डाचा ईमेलही आला होता.

‘तुझ्याकडे काही आलंय का?’ त्याने विचारलं. ‘कुणाला घेतलंबितलं?’

‘काही नाही.’

‘नक्की?’

‘एकही ओळ नाही.’

‘बरं,’ तो म्हणाला. ‘मग जातो.’

मर्सीने या वेळी राजीनामा दिलेला नाही. खोकी हलवलेली नाहीत. एल्सा आता बाबांएवढी उंच झाली आहे; ती म्हणाली, ‘इट्स जस्ट अ‍ॅन इंटरव्ह्यू, मम.’ मर्सीने त्याचा तोच शर्ट इस्त्री केला. दुसरा कर म्हणाला, तरी तोच केला.

काल सकाळी ती त्याला विमानतळावर सोडायला गेली. मी कामावर बसले होते. बाहेर चिखलात बेडूक ओरडत होते, स्क्रीनवर त्या संघाच्या मैदानावरचा बर्फ यंत्राने बाजूला करत होते. तेवढ्यात डेस्कवर एक ओळ आली : लाथ मारणाऱ्यांच्या सहायक कोचची जागा त्या संघाने दुसऱ्या एकाला देऊ केली आहे. नाव होतं. ते ऑल्विनचं नव्हतं. मी त्याला फोन लावला. फोन बंद होता.

क्रेग लाइनवर आला. ‘दोन आहेत?’

‘एक.’

‘होल्ड इट.’

त्या ओळीला दुसऱ्या ठिकाणाहून दुजोरा अजून मिळालेला नाही.

मर्सीचा मेसेज आला : ‘सुटलं विमान.’ विमानतळाच्या फलकावरही तसंच होतं. सकाळचं लॉस एंजेलिसचं विमान मेलबर्नहून वेळेवर निघालं.